सहावी जागा

माझ्या नणंदेच्या लग्नात, माकणीला, भर मांडवात सरांनी जेवती माणसं उठवली. पानावर वरण पडलेलं, हात भाताला लागलेला, अशी माणसं. पंगतीच्या टोकापासून ते मोजत आले, सहाव्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही पुढच्या पंगतीला बसा. ही जागा रिकामी लागते." तो सहावा माणूस म्हणजे नवऱ्या मुलाचा सख्खा मामा. मी जिलेबीचं ताट घेऊन वाढायला उभी होते. ताट हातातून सुटलं नाही एवढंच माझं नशीब.

मामांना वाटलं, मानपानाचं काहीतरी असेल, वर नेऊन बसवणार असतील, म्हणून ते मुकाट उठले. मग सरांनी पुढं मोजायला सुरुवात केली. बारावा उठवला, अठरावा उठवला. चोविसाव्या जागेवर आमच्या सासूबाईंचे थोरले भाऊ होते. ते काही हलेनात.

"का म्हणून उठायचं?"

"ठेवावीच लागते," सर म्हणाले. "म्या पाहिलंय."

काय पाहिलंय, कुठं पाहिलंय, कुणाला काही कळेना. मामा एव्हाना मांडवाबाहेर जाऊन रुसून बसले होते आणि पंगत दात पडलेल्या तोंडासारखी दिसत होती. माझा नवरा जवळ येऊन दातओठ खात म्हणाला, "हे कोण आहेत? तुझे सर ना हे?"

"छे," मी म्हटलं, "आमच्या डिपार्टमेंटचे नव्हेत."

घाबरले की खोटं बोलायचं ही माझी जुनी खोड. तोंडातून आपोआप निघतं, मागून मलाच धक्का बसतो. आणि सरांच्या बाबतीत मी बोललेलं हे पहिलं खोटं नव्हतं. पहिलं आधीच बोलून झालं होतं, आणि ते इतकं लहान होतं की मी ते विसरूनही गेले होते.

सर म्हणजे कळंबच्या आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. येरमाळ्याचे राहणारे, रोज एसटीनं येणारे. मी त्यांच्या हाताखाली तासिका तत्त्वावर, म्हणजे सुट्टी लागली की पगारही सुट्टीवर. सर काटकुळे, पांढरा शर्ट पँटीत खोचलेला, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग. हे भिंग त्यांनी अंघोळीला तरी काढलं असेल की नाही, मला शंका आहे. हॉटेलात चहा आला की ते चमच्यातली साखर टेबलावर पसरायचे आणि नाक टेकवून पाहायचे. स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याला वाटलं, हा अन्न तपासनीस आहे. तो सरांसाठी निवडलेली साखर वेगळ्या बरणीत ठेवायला लागला. सरांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. "ही ती न्हाय. कालची आणा. कालची लई देखणी होती."

त्यांचं एक वाक्य अख्ख्या कॉलेजला पाठ होतं. कुणी काही बातमी सांगितली की ते मान न वळवता विचारायचे, "पाहिलं का ऐकलं?" पाऊस झाला म्हणा, निकाल लागला म्हणा, एसटीचा संप मिटला म्हणा. एकदा शिपाई धावत स्टाफरूममध्ये आला आणि रडत म्हणाला, "प्राचार्य साहेबांची आई गेली." आम्ही सगळे उभे राहिलो. सर बसूनच होते. "पाहिलं का ऐकलं?"

कुणी असं विचारतं का? दोन जणांनी सरांशी महिनाभर बोलणं टाकलं असतं, पण तशी वेळ आली नाही. शोकसभेचा फलक लिहून होतोय तोवर दवाखान्यातून फोन आला की म्हातारी उठून बसली आणि चहा मागते आहे. पुढं ती सहा वर्षं जगली. फलक पुसायला फडकं सरांनीच दिलं.

हा प्रश्न ते जगाला विचारायचे, पण मला कधी विचारत नसत. मी "सर, साका तयार झालाय" म्हटलं की झालाय. "तापमान नऊशे आहे" म्हटलं की आहे. एकदा कुणीतरी बोलून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "बाई पाहिल्याबिगर बोलत न्हायत." मला तेव्हा याचं फार सुख वाटलं होतं. आता ते वाक्य आठवलं की जेवण जात नाही.

सरांना एकच नाद होता, स्फटिकांचा. त्यातही एका विशिष्ट स्फटिकाचा. नियोडिमियम नावाचा एक धातू आहे, दुर्मिळ मृदा म्हणतात त्या घराण्यातला. त्याचं आणि वाळूतल्या सिलिकाचं लग्न लावलं की एक फिकट जांभळा स्फटिक मिळतो. जमिनीत सापडणाऱ्या एका खनिजासारखीच त्याची आतली रचना. उन्हात तो जांभळा दिसतो आणि ट्यूबलाइटखाली नेला की निळसर. सर तो हातात घेऊन दारातून आत-बाहेर करायचे आणि दर वेळी लहान मुलासारखे चकित व्हायचे.

त्यातली रचना काय असते, हे त्यांनी मला पंगतीवरून शिकवलं. "स्फटिक म्हंजे काय बाई, पंगत. परत्येकाचं पान ठरलेलं, दोन पानांतलं अंतर ठरलेलं. अशा कोटी कोटी पंगती. आपुन क्ष-किरण सोडायचे, ते प्रत्येक पानावर कोण बसलंय ते पाहून येतात. पण त्यांना तोंड दिसत न्हाय. माणूस किती जड हाय तेवढंच कळतं. आणि तेबी एकेकाचं न्हाय, समद्यांची सरासरी."

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा. आमचं सगळं रामायण त्यातच आहे.

एकदा कॉलेजच्या रांगोळी स्पर्धेला सरांना परीक्षक नेमलं. सतरा मुलींनी सकाळपासून वाकून रांगोळ्या काढल्या होत्या. सर भिंग घेऊन सतराही रांगोळ्यांभोवती फिरले आणि सगळ्या बाद केल्या. सहा बाजूंची रांगोळी असेल तर साठ अंशांत फिरवली तरी तशीच दिसली पाहिजे, आणि एकीचीही दिसत नव्हती. मुली रडायला लागल्या. मग सर स्वतः फरशीवर मांडी घालून बसले, ठिपके मांडले आणि त्यांच्या त्या जांभळ्या स्फटिकाची रांगोळी काढून दाखवली. रडणाऱ्या मुली गप्प झाल्या, कारण ती खरंच सुंदर होती.

तो स्फटिक करायला भट्टी दहा दिवस चालू लागे, हळूहळू थंड करत. आणि आमच्याकडं दिवसा भारनियमन. वीज गेली की स्फटिकाचा भुगा. सरांनी काय करावं? रजा टाकली आणि दहा दिवस सकाळी डबा घेऊन वीज उपकेंद्रात जाऊन बसले. तिथल्या ऑपरेटरला भाकरी खाऊ घालायचे, पिठलं खाऊ घालायचे आणि आमच्या फीडरच्या खटक्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. ऑपरेटर बिचारा मला पुढं म्हणाला, "मॅडम, सरांनी माझ्याकडून सगळी मूलद्रव्यं पाठ करून घेतली. खटका पाडायला हात उचलला की विचारायचे, पुढचं सांगा."

हे ज्या वर्षी झालं, त्या वर्षी दुष्काळ होता. तेरणेचं पात्र कोरडं, धरणात चिखल. कॉलेजातलं शुद्ध पाणी काढायचं यंत्र प्राचार्यांनी कुलूपबंद केलं. त्यांचंही बरोबर होतं, कारण लिटरभर शुद्ध पाणी मिळवायला नळ तासभर सोडावा लागायचा. पण सरांना पाणी हवंच होतं. नियोडिमियमचा साका पाडला, म्हणजे द्रावणातून त्याचा गाळ तळाला बसवला, की तो धुवायला शुद्ध पाणी लागतं, आणि भरपूर लागतं. तेव्हा तोड निघाली ती अशी: स्टँडजवळच्या बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते मी येता-येता दोन कॅन भरून आणायचं.

मी आणत होते. सात-आठ वेळा आणलंही.

मग तो दिवस आला. आमच्या गल्लीत टँकर यायचा होता दुसऱ्या दिवशी, तो आला त्याच दिवशी, सकाळी. सासूबाईंचे गुडघे दुखरे, नवरा ड्युटीवर, घरात कडेवरचं मूल. मी पदर खोचून रांगेत घुसले. त्या रांगेत काय चालतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. चार घागरी भरेपर्यंत बांगडी फुटून माझा एक हात रक्ताळला होता आणि साडेअकरा वाजले होते. स्टँडपर्यंत जाऊन दुकानातून पाणी घ्यायला वेळच उरला नव्हता. सर तिकडं साका ढवळत बसलेले. मी रिकामे कॅन घेऊन कॉलेजच्या मागच्या बाजूला गेले आणि बोअरच्या नळाखाली धरले. त्या बोअरच्या पाण्याचा बादल्यांना पांढरा थर यायचा. झाडलोट आणि संडास, एवढ्यासाठीच ते वापरायचे. मला हे माहीत होतं. मी रसायनशास्त्राची एम. एस्सी. होते, मला माहीत नसून कसं चालेल?

"दुकानातलंच ना?" सरांनी विचारलं. तेही सहज, हात पुढं करत.

"हो सर."

एवढंच ते खोटं. दोन शब्दांचं.

सरांनी ते पाणी साक्यावर ओतलं, पुन्हा ओतलं, पुन्हा ओतलं. साक्यात आधीच ऑक्झॅलिक आम्ल होतं. चुन्याचं पाणी त्यात पडलं की चुनाही साका होऊन खाली बसतो. फिकट जांभळ्यात पांढरं मिसळलं तर डोळ्याला काय कळणार? सर प्रत्येक बाटली तपासणारे, साखर तपासणारे, पण ते पाणी त्यांनी तपासलं नाही. बाईंनी आणलं होतं ना.

त्या खेपेला भट्टीतून जे निघालं, तसं त्याआधी कधी निघालं नव्हतं. सहा बाजूंच्या सुया, काचेसारख्या स्वच्छ. सरांनी काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, कुंकवाची डबी रिकामी करून घेतली, त्यात कापूस घातला आणि त्या सुया हैदराबादला एका संस्थेत क्ष-किरणांखाली नेल्या. सगळ्या प्रवासात डबी मांडीवर. परत आले ते डोळे विस्फारूनच. एका जागेवर साठ इलेक्ट्रॉनांचं नियोडिमियम असायला हवं, तिथं सरासरी पन्नासच भरत होते. सर आठवडाभर जेवताना बोटं मोजत होते. मग त्यांनी टेबलावर हात आपटला. "दर सहा जागांमागं एक जागा रिकामी हाय! पाच जागांवर साठ, सहाव्या जागेवर शून्य. सरासरी पन्नास. आपुन दुसरं काय टाकलंच न्हाय, तर बसणार कोण?"

त्यावर लेख छापून आला, बाहेरच्या देशातल्या नियतकालिकात. त्यावर दोनच नावं, सरांचं आणि माझं. कळंबच्या कॉलेजातून असा लेख त्याआधी कधी गेला नव्हता. त्या लेखाच्या जोरावर मी कायम झाले. आज सरांच्याच खुर्चीत मी विभागप्रमुख म्हणून बसते.

त्यानंतर सरांचं ते सहाव्या जागेचं सुरू झालं. स्टाफरूममध्ये सहावी खुर्ची कुणी वापरायची नाही. वर्गात सहाव्या बाकावर कुणी बसायचं नाही. एसटीत ते मोजून उभे राहायचे, जागा असली तरी. आणि माकणीच्या मांडवात काय झालं ते सांगितलंच. लोक म्हणायचे, सर कामातून गेले. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, हे कशासाठी?"

ते माझ्याकडं आश्चर्यानं पाहायला लागले. "जगात पहिल्यांदा आपुन दोघांनी पाहिलं बाई. पाहिलेलं पाळायला नको?"

पाऊस पडला, यंत्राचं कुलूप निघालं, शुद्ध पाणी आलं. आम्ही तो स्फटिक पुन्हा करायला गेलो तर निघाला भुगा. पुन्हा केला, पुन्हा भुगा. सर निवृत्त होईपर्यंत तसल्या सुया काही पुन्हा निघाल्या नाहीत. ते म्हणायचे, "एकदाच दर्शन दिलं त्यानं." माझ्या मनात तेव्हा काही आलं नाही असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. आलं होतं. मी ते झटकून टाकलं.

सरांना यंदा सत्तर वर्षं पूर्ण झाली. माजी विद्यार्थ्यांनी गौरव समारंभ ठरवला, कॉलेजच्या सभागृहात. स्मरणिकेचं नावसुद्धा 'सहावी जागा'. समारंभाला आठ दिवस उरले असताना मला एक मेल आला. परदेशातल्या एका संशोधक मुलीनं काही महिन्यांपूर्वी आमच्या स्फटिकाचा नमुना मागितला होता, मी डबीतल्या दोन सुया पाठवल्या होत्या. तिच्याकडच्या यंत्राला वजनच नव्हे, तोंडही दिसत होतं. तिनं अतिशय नम्रपणे लिहिलं होतं की तुमची सहावी जागा रिकामी नाही. तिथं कॅल्शियम आहे. चारांपैकी तीन जागांवर साठाचं नियोडिमियम, एका जागेवर विसाचं कॅल्शियम. सरासरी पन्नासच येते. हे कॅल्शियम आपण मुद्दाम घातलं होतं का, की कुठून आलं, हे कळवाल का?

कुठून आलं! मला तो पांढरा थर चढलेला नळ समोर दिसला. बारा वर्षं त्या माणसानं पंगती मोडल्या, उभ्यानं प्रवास केला, स्वतःचं हसं करून घेतलं, ते माझ्या दोन शब्दांपायी. आणि आता आठ दिवसांनी व्यासपीठावर बसवून त्याचा सत्कार होणार होता. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. ती मुलगी तिचा लेख वर्षभरानं छापणार, तोवर कोण बघतंय? दोन दिवस मी हा विचार खरंच केला.

तिसऱ्या दिवशी येरमाळ्याला गेले. काकू दारात तांदूळ निवडत होत्या. सरांनी मेल तीन वेळा वाचून घेतला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांचा चेहरा, म्हातारं माणूस पायरी आहे समजून पाय टाकतं आणि पायरी नसते, तसा झाला.

काकूंनी दारातूनच विचारलं, "काय निघालं हो त्यात?"

"कॅल्शियम."

"म्हंजे चुनाच की!" काकू सहज म्हणाल्या. "दरसाल चैत्रात आपल्या देवीच्या जत्रेला एवढी माणसं चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतेत, तरी उरलाच म्हणायचा."

मला हसूही येईना आणि रडूही येईना. सर मात्र काकूंकडं टक लावून बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

"बाई, पाणी कुठलं होतं?"

त्यांनी भट्टी विचारली नाही, मूस विचारली नाही. थेट पाणी विचारलं. मी सांगितलं, की एका दिवशी बोअरचं आणलं होतं. इथवर खरं सांगितलं. आणि मग ती मेली खोड उसळून आलीच. "दुकान बंद होतं, सर."

तेव्हा सरांनी मला जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"बंद होतं ते पाहिलं का ऐकलं?"

"पाहिलं," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. "मग तुमचा इलाज नव्हता," ते म्हणाले. काकूंनी मला बळंच चहा दिला. तो मी कसा प्याले ते मला आठवत नाही.

समारंभाला सभागृह भरलेलं. व्यासपीठावर सरांसकट पाच जण बसवलेले आणि सरांच्या शिरस्त्याप्रमाणे सहावी खुर्ची रिकामी. शाल झाली, श्रीफळ झालं, चार जणांनी सहाव्या जागेबद्दल भाषणं ठोकली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. सर बोलायला उठले आणि त्यांनी खिशातून एक कागद काढला.

"ही दुरुस्ती हाय," ते म्हणाले. "आमच्या लेखाची. मासिकाला पाठवायची. आधी तुम्हाला वाचून दाखवतो, कारण पंगतीतनं तुम्हालाच उठवलं होतं."

लोकांना वाटलं गंमत आहे. काही जण हसले. सर वाचत गेले. सहावी जागा रिकामी नाही. तिथं कॅल्शियम आहे. ते धुण्याच्या पाण्यातून आलं. पाणी मी तपासलं नाही, तपासणं माझं काम होतं, दोष माझा. हसणारे एकेक करून गप्प झाले. स्मरणिका वाटणारा मुलगा हातातला गठ्ठा घेऊन तसाच उभा राहिला. पहिल्या रांगेतले निवृत्त प्राचार्य चष्मा काढून बघायला लागले. कुणी आपल्याच सत्कारात असं करतं का?

माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. मला वाटलं सुटले. तेवढ्यात सरांनी कागदावरून मान वर केली. "पाणी आणणाऱ्याला बोल लावू नका. त्या दिवशी दुकान बंद होतं. बंद असलेलं त्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. हेबी मी हितं लिहिलंय."

म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा हा माणूस माझ्या शब्दावर विसंबून जगाला खोटं सांगत होता, आणि पुन्हा छापायला पाठवणार होता. मी उभी राहिले. कधी राहिले ते मला कळलं नाही.

"सर, दुकान बंद नव्हतं."

सगळं सभागृह माझ्याकडं वळलं. माझा नवराही.

"पाणी मी आणलं होतं. मी दुकानात गेलेच नाही. गल्लीत टँकर आला होता. मी घरचं पाणी भरत होते." मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "तुम्ही विचारलं तेव्हा भिऊन खोटं बोलले. परवा पुन्हा बोलले."

सर माझ्याकडं बघत होते. मला वाटलं आता ते ओरडतील, निदान एकदा तरी ओरडावं असंही वाटलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागदावरची एक ओळ खोडली.

"टँकर किती वाजता आला होता?" त्यांनी माइकवरूनच विचारलं.

"दहाला, सर."

"दहा का सव्वादहा?"

"सव्वादहा."

त्यांनी लिहिलं. पेनाचा आवाज माइकमधून ऐकू येत होता. मग म्हणाले, "या वर. लेखावर दोघांची नावं हायत, दुरुस्तीवरबी दोघांच्या सह्या लागतेल."

मी व्यासपीठावर गेले. सहाव्या खुर्चीसमोर, टेबलावर सरांनी कागद ठेवला होता. मी उभ्यानंच वाकले.

"बसून करा. उभ्यानं केलेली सही वाकडी येते."

"सर, पण ही जागा..."

"तिथं कॅल्शियम हाय," सर म्हणाले. "तुमच्याच मेलात आलंय न्हवं? बसा."

मी बसले. बारा वर्षांत त्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. मी पूर्ण नाव लिहिलं. सरांनी कागद आपल्याकडं ओढला, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि माझी सही पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तपासून घेतली.